मिरवणुकीचा रस्ता

१

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात मिंट स्ट्रीटलगतच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, एकाच खिळ्यावर टांगलेल्या दोन दिनदर्शिका मी पाहिल्या. एक मराठी, महिन्याला पान उलटायची. दुसरी तमिळ, रोजचे पान फाडायची. घर सांगली जिल्ह्यातील विट्याजवळच्या एका गावातून आलेल्या कुटुंबाचे होते. घरधनी गलाईचा व्यवसाय करणारे. सराफाकडील जुने, मोडीचे सोने आटवायचे, तेजाबात उकळून त्यातील हिणकस वेगळे काढायचे आणि चोख सोने परत द्यायचे, असे हे काम. खानापूर, आटपाडी, तासगाव या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील माणसे हे कसब घेऊन देशभरातील सराफबाजारांत पांगली आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची थोरली बहीण या घरात दिलेली. एका चर्चासत्राच्या निमित्ताने चेन्नईला गेलो असता मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा नवरात्र सुरू होते.

चहा पुढे ठेवून त्या बाईंनी मला विचारले, ‘‘सर, नवरात्रात ह्याला न्यायचं तरी कुठं?’’ ‘हा’ म्हणजे त्यांचा सात वर्षांचा मुलगा. जिन्यावर तमिळ, घरात मराठी आणि खालच्या दुकानांतून हिंदी बोलणारा. समोरच्या दारी राहणाऱ्या वृद्ध शेजारणीने पायऱ्यापायऱ्यांची मांडणी करून त्यावर बाहुल्या मांडल्या होत्या. तमिळ घरांतून जिला ‘गोलू’ म्हणतात ती ही मांडणी. नऊही संध्याकाळी शेजारपाजारच्या बायकामुलांनी यायचे, एखादे गाणे म्हणायचे, वाटलीभर सुंडल आणि विडा घेऊन जायचे. मुलाला तिथे गाणे म्हणण्याचे आवतण होते. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी काही मराठी कुटुंबे एका भाड्याच्या सभागृहात जमत होती. तिथे हादगा होता, मुलांच्या नाचगाण्यांची तालीम होती, आपली भाषा ऐकायला मिळणार होती. ‘‘तिकडं नेलं तर आपलं विसरंल, नाही नेलं तर हे इथलं कधी होणार?’’ असे त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट पाहत थांबल्या.

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. दोन्हीकडे न्यावे, असे सांगणे सोपे होते. पण संध्याकाळ एकच असते आणि मूलही एकच असते. निवड करावी लागते, आणि निवड करावी लागते म्हणूनच हा प्रश्न नैतिक ठरतो. परक्या नगरात राहायला आलेल्या माणसाने उत्सव कोणाचे करावेत? त्याने स्वतःचे सण त्या नगराच्या रस्त्यावर आणावेत काय? आणि नगराने त्याला कोणते देणे लागते? वरवर पाहता हे प्रश्न घरगुती सोयीचे वाटतात. मात्र त्यांच्या तळाशी ‘इथला’ या शब्दाचा अर्थ काय, हा मूलभूत प्रश्न आहे.

२

या प्रश्नासाठी जॉर्ज टाउनसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणे कठीण. येथे कोणीही मूळचा नाही. १६३९ साली इंग्रजांच्या कंपनीला किनाऱ्यावरील जमिनीचा पट्टा मिळाला आणि पुढे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. किल्ल्याच्या आश्रयाने विणकर, रंगारी, दुभाषी, सावकार येऊन राहिले. त्यांची वस्ती ती ‘ब्लॅक टाउन’, काळ्यांचे गाव. तेलुगू चेट्टी आले, आर्मेनियन आले, पोवळी आणि हिऱ्यांचा व्यापार करणारे ज्यू आले, गुजराती आणि मारवाडी आले. सावकारांची पेठ ती सावकारपेट, आणि जिथे घाऊक भाजीपाल्याचा बाजार भरे तो भाग कोतवाल चावडी. मराठी वाचकाला ही नावे ऐकून आपण पुण्याच्या एखाद्या पेठेत उभे आहोत की काय, असे क्षणभर वाटावे. तो बाजारही आता तिथे नाही. १९९६ मध्ये तो कोयंबेडूला हलला. ‘जॉर्ज टाउन’ हे नावसुद्धा नवागतच आहे. युवराज असताना पुढील पंचम जॉर्ज येथे येऊन गेले, त्यानंतर १९०६ साली ते या भागाला मिळाले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या नगरात देवसुद्धा विस्थापित आहेत. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. शत्रूला किल्ल्याजवळ आडोसा मिळू नये म्हणून इंग्रजांनी जुने ब्लॅक टाउन पाडून मैदान केले. १७७३ मध्ये या मोकळ्या पट्ट्याची हद्द दाखवणारे तेरा खांब उभारण्यात आले. त्यांतील एक आजही पॅरीज कॉर्नरला उभा आहे. या पाडापाडीत गावाचे मुख्य देऊळ, चेन्नकेशव पेरुमाळाचे, हेही गेले. आज जिथे १८९२ मध्ये पुरी झालेली उच्च न्यायालयाची इमारत आहे, त्या परिसरात ते होते असे सांगतात. १७६०च्या दशकात मनली मुत्तुकृष्ण मुदलियार या दुभाष्याच्या पुढाकाराने चेन्नकेशव आणि चेन्नमल्लीश्वर यांची जोडदेवळे फ्लॉवर बाजाराजवळ नव्याने उभी राहिली. याच चेन्नकेशवाच्या देवळातून दरवर्षी पुरट्टासी महिन्यात तिरुमलेच्या ब्रह्मोत्सवासाठी मोठमोठ्या छत्र्या मिरवत नेतात. एलिफंट गेटचा भाग ओलांडताना त्या पाहण्यासाठी गर्दी लोटते. ज्या देवाचे घर पाडले गेले, त्याच्या दारातून दुसऱ्या देवासाठी छत्र निघते. ही घटना रूपक म्हणून सांगण्याचा मोह टाळून मी एवढेच म्हणेन, की जिला आपण नगराची ‘अस्सल’ परंपरा म्हणतो, तीही कोणीतरी कधीतरी नव्या जागी नव्याने सुरू केलेली असते.

ज्या शेजारणीकडे गोलू होता, तिच्या घरी तेलुगू बोलतात. तिचे पूर्वज केव्हातरी उत्तरेकडून आले. मुलगा तिला ‘पाट्टी’ म्हणतो, म्हणजे आजी. जिन्यावरची तमिळ ही त्या दोघांचीही घरची भाषा नव्हे.

३

परंतु ‘सारेच नवागत आहेत, तेव्हा सारेच समान’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इतिहास त्याला आधार देत नाही. प्रत्येक नवागत आपल्यामागून येणाऱ्याला नवागत ठरवतो, आणि बहुधा ते रस्त्यावर ठरते.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी, थॉमस पिट हा मद्रासचा गव्हर्नर असताना, १७०७-०८ मध्ये येथे मोठा तंटा झाला. दक्षिणेतील जातींची ‘वळंगै’ आणि ‘इडंगै’, म्हणजे उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या, अशी जुनी विभागणी होती. तंट्याचे कारण असे, की लग्नाची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी. एका बाजूची वरात दुसऱ्या बाजूच्या मानल्या गेलेल्या रस्त्याने गेली, की अपमान होई. प्रकरण इतके पेटले, की उजव्या हाताच्या अनेक लोकांनी गाव सोडून सान थोमेचा रस्ता धरला. अखेरीस पेद्दनायकनपेट उजव्यांकडे आणि मुत्यालपेट डाव्यांकडे अशी वाटणी करण्यात आली. हद्दीचे दगडही रोवले गेले. हे दोन्ही भाग मिळून आजचे जॉर्ज टाउन झाले आहे.

या प्रसंगात मला एक सत्य दिसते. आपण समजतो, की उत्सव म्हणजे आनंदाची अभिव्यक्ती, आणि आनंदाला कोणाची हरकत असण्याचे कारण काय? पण मिरवणूक हे केवळ आनंदाचे प्रकटन नसते. ते एक विधान असते. ‘हा रस्ता माझाही आहे’ असे ती म्हणते. नवागताला हे विधान करण्याची नितांत गरज असते, कारण जो रस्त्यावर दिसत नाही तो नगराच्या हिशेबातच नसतो. परंतु ‘माझाही’ या शब्दातील ‘ही’ केव्हा गळून पडेल याची खात्री देता येत नाही. १७०७च्या मद्रासमध्ये तो गळून पडला होता. विसाव्या शतकात देशातील अनेक नगरांत मिरवणुकांच्या मार्गांवरून जे घडले, त्यातही पुष्कळदा तेच दिसते. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या सुमारास ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला, त्याचे बळ रस्त्यावर येण्यात होते, आणि त्याचा धोकाही तेथेच होता.

म्हणून नवागताच्या उत्सवाकडे पाहताना एक भेद करावा लागेल. जो उत्सव स्वतःची आठवण टिकवण्यासाठी असतो, जो इतरांवर हक्क सांगण्यासाठी असतो, आणि जो इतरांना घरात घेण्यासाठी असतो, हे तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात. ढोलही तोच, मूर्तीही तीच आणि प्रसादही तोच. त्यांतील फरक दाराशी कळतो. दार कोणासाठी उघडे आहे, हीच त्याची कसोटी होय.

४

आपल्या परंपरेत परक्याच्या स्वागताचा विचार नाही, असे नाही. उपनिषदाने अतिथीला देव मानण्याची शिकवण दिली, आणि ती शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. पण ‘अतिथी’ या शब्दाची स्मृतिकारांनी दिलेली व्युत्पत्ती पाहावी. जो एकच रात्र राहतो, ज्याची स्थिती अनित्य असते, तो अतिथी, असे मनुस्मृती मानते. देवत्व एका रात्रीचे आहे. दुसऱ्या दिवशी तो उठून जाईल, हे गृहीत धरून ते त्याला दिलेले आहे. तो राहिलाच तर काय, या प्रश्नाला त्या शिकवणीत उत्तर नाही. पश्चिमेकडील विचारातही हीच अडचण दिसते. इमान्युएल कांट याने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात परक्याचा हक्क मान्य केला. पण तो भेट देण्याचा हक्क आहे, मुक्काम करण्याचा नव्हे. मुक्कामासाठी वेगळा करार हवा, असे तो म्हणतो. पुढे गेओर्ग झिमेल या समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये नेमक्या त्या माणसाचा विचार केला जो आज येतो आणि उद्या राहतो. येण्यात भटकेपणा आहे आणि राहण्यात स्थैर्य. या दोहोंचा संयोग म्हणजे परका, असे त्याचे म्हणणे.

मराठीत या माणसाला शब्द कोणता? ‘पाहुणा’ जाणारा असतो. ‘आगंतुक’ या शब्दात नाराजी आहे. ‘उपरा’ या शब्दातील वेदना लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाने १९८० मध्ये आपल्यापुढे अशी ठेवली, की तो शब्द पूर्वीसारखा सहज वापरणे आता शक्य नाही. मला वाटते, आपल्याला हवा असलेला शब्द अगदी साधा आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोरच आहे. तो म्हणजे ‘शेजारी’. यजमान आणि अतिथी यांच्या नात्यात एकाचे घर असते आणि दुसऱ्याचे नसते. शेजाराच्या नात्यात दोघांनाही घर असते आणि मधला जिना दोघांचा असतो. तेथे देव कोणीच नसतो, म्हणून उपकारही कोणाचे नसतात. आज मी वाटीभर साखर मागतो, उद्या तुम्ही मागता. हा हिशेब कधीच पुरता फिटत नाही, आणि फिटू नये अशीच दोघांची इच्छा असते.

या दृष्टीने पाहिले असता गोलू किंवा आपले हळदीकुंकू या घरगुती चालींना एक वेगळे मोल येते. मिरवणूक घरातून रस्त्यावर जाते. येथे रस्ता घरात येतो. नवागताला एखाद्या नगराची ओळख करून देण्याचे आज अनेक मार्ग आहेत. चेन्नईत २००४ पासून ऑगस्टच्या २२ तारखेच्या आसपास नगराचा वाढदिवस साजरा होतो. जुन्या वास्तूंभोवती माहितीपूर्ण पदयात्रा निघतात, व्याख्याने होतात. हे उपक्रम चांगलेच आहेत. पण त्यांतून नगर पाहता येते, नगराला आपण दिसत नाही. पाट्टीच्या दारात जो मुलगा गाणे म्हणतो, तो मात्र दिसतो.

तथापि या घरगुती चालींचे गौरवीकरण करताना सावध राहिले पाहिजे. हळदीकुंकवाच्या दारातून विधवेला किती काळ परतवले गेले, हे आपण जाणतो. गोलूच्या आवतणालाही जातीच्या रेषा होत्या आणि काही ठिकाणी त्या अजून असतील. शिवाय या साऱ्या शेजारधर्माचा भार बहुधा बाईच्या खांद्यावर पडतो. वाटली तिनेच करायची, विड्याची पाने तिनेच आणायची, आणि मुलाला न्यायचे कुठे, हा प्रश्नही तिनेच सोडवायचा. माझ्यापुढे तो प्रश्न बाईंनी मांडला तेव्हा त्यांचे पती खाली भट्टीपाशी होते. तेव्हा घरात येणारा रस्ता हा रस्त्यापेक्षा आपोआपच अधिक न्यायी असतो, असे नव्हे. दार उघडे आहे एवढे पुरेसे नसते. कोणासाठी उघडे आणि कोणाच्या श्रमाने उघडे, हेही विचारावे लागते.

५

यावर एक गंभीर आक्षेप येईल. शेजार जोडता जोडता आपलेपण उरेल काय? बाईंची भीती हीच होती, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जॉर्ज टाउनमध्येच तिचे एक उदाहरण आहे. आर्मेनियन स्ट्रीटवर आर्मेनियनांचे देवालय आहे. आजची वास्तू १७७२ ची. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये याच मद्रासमध्ये छापले गेले. आज तेथे घंटाघर आहे, अंगणात समाध्या आहेत, समाज मात्र जवळजवळ उरलेला नाही. वास्तू राहते, उत्सव माणसांबरोबर जातो. ज्याला आपली भाषा मुलाच्या तोंडी राहावी असे वाटते, त्याने हे अंगण एकदा पाहावे आणि मग आपल्या सभागृहाचे भाडे अवश्य भरावे.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे, आणि ते आपले आहे. व्यंकोजींनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. त्या निमित्ताने तमिळ मुलखात गेलेल्या मराठी कुटुंबांनी पुढे अनेक पिढ्या घरात मराठी बोलली. तिच्यात तमिळचे वळण आले, पुणेकराला ती ऐकून हसू येईल, पण ती टिकली. टिकण्याचे कारण केवळ दार लावून घेणे हे नव्हते. मराठी कीर्तन तंजावरच्या सभांतून तमिळ हरिकथेच्या घडणीत उतरले. तंजावूर कृष्ण भागवतरांनी त्या वळणाला जे रूप दिले, ते आज तमिळ संस्कृतीचेच अंग मानले जाते. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात अभंग गायिले जातात आणि गाणाऱ्यांना ते परके वाटत नाहीत. ज्यांनी दिले-घेतले, त्यांचे टिकले, असे यावरून म्हणता येईल.

पण येथेही थांबून विचार केला पाहिजे. तंजावरचे मराठे राज्यकर्ते म्हणून गेले होते. त्यांच्या उत्सवाला कोणाची परवानगी लागत नव्हती. दरबाराचा आश्रय पाठीशी असताना संस्कृतीचा संगम साधणे आणि तेजाबाच्या धुरात दहा-बारा तास बसून, भाड्याच्या खोलीत, परक्या भाषेत पोलिसाला आणि घरमालकाला उत्तरे देत तोच संगम साधणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. शिवाय गलाईवाल्याचे मन दुभंगलेले असते. गावाकडे त्याने घर बांधलेले असते, ग्रामदैवताच्या जत्रेला तो सहकुटुंब जातो, आणि तीस वर्षे चेन्नईत काढूनही ‘मुक्काम’ हाच शब्द वापरतो. अशा माणसाकडून नगराने किती अपेक्षा करावी? माझे मत असे, की समरसतेची पहिली जबाबदारी बलवंताची आहे. जो आधी आला, ज्याची भाषा कचेरीत चालते, ज्याच्या नावावर जागा आहे, त्याने आधी दार उघडावे. नवागताचे कर्तव्य त्यानंतर सुरू होते. पण सुरू होते हे नक्की. तीस वर्षांच्या मुक्कामाला मुक्काम म्हणत राहणे, हे ज्या जिन्याचा आपण रोज वापर करतो त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

याविषयी घरधन्यांनी जे सांगितले ते त्यांच्या व्यवसायातून आलेले होते. ते म्हणाले, ‘‘सर, आम्ही चोख करून देतो, पण चोख सोन्याचा दागिना टिकत नाही. सोनार त्यात पुन्हा तांबं घालतोच.’’ हे वाक्य मला फार आवडले, आणि म्हणूनच मी त्याच्याबद्दल थोडा साशंक राहिलो. धातूला विचारून कोणी मिश्रण करत नाही. माणसांच्या बाबतीत प्रमाण कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतोच. आणि ‘तुम्ही आमच्यात मिसळा’ असे सांगणारा बहुधा स्वतःला सोने आणि समोरच्याला तांबे समजत असतो.

६

हे सारे मी तमिळांच्या नगराविषयी लिहीत आहे. आता माझ्या नगराविषयी लिहिणे भाग आहे.

१९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जे वातावरण पेटले, ते माझ्या बालपणातले. माटुंग्याला भजनसमाज चालवणारी, मुलांना मराठी शाळेच्या मैदानावर खेळायला पाठवणारी तमिळ कुटुंबे त्या दिवसांत कशी राहिली असतील, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कोणी विचारला नाही. पण तो काळ माझा नव्हता, असे म्हणून मी सुटू शकतो. पुढील गोष्टीतून मात्र सुटता येत नाही.

मी राहतो त्या गृहनिर्माण संस्थेच्या मागे बांधकामावरील कामगारांची वस्ती आहे. त्यांतील बरीच कुटुंबे बिहारमधील. चेन्नईला जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्यापैकी काहींनी आमच्या समितीकडे अर्ज केला, की दिवाळीनंतरच्या छठ पूजेसाठी संस्थेच्या आवारातील छोटे पाण्याचे कुंड एक संध्याकाळ आणि एक पहाट वापरू द्यावे. मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचे, एवढेच. समितीने अर्ज नामंजूर केला. कारणे लिहिली ती अशी: पाणी दूषित होईल, गोंगाट होईल, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्या ठरावाखाली इतरांबरोबर माझीही सही आहे. आमच्या स्वतःच्या गणपतीचे विसर्जन त्याच कुंडात होते, ढोलताशांसह. सही करताना हे मला आठवले नाही असे नाही. आठवले, आणि मी सही केली. खरे कारण ठरावात नव्हते. ते असे, की एकदा आले की दरवर्षी येतील. म्हणजे ते अतिथी राहणार नाहीत, शेजारी होतील, याचीच आम्हांला भीती वाटली.

पुढच्याच वर्षी मी मिंट स्ट्रीटलगतच्या त्या घरात बसून तमिळ नगराच्या औदार्याची अपेक्षा मनात बाळगत होतो. पाट्टीने मुलाला बोलावले हे मला स्वाभाविक वाटत होते. तिने बोलावले नसते तर मला राग आला असता. दुसऱ्याच्या नगरात आपल्याला काय मिळावे याविषयीची आपली नीती, आणि आपल्या नगरात दुसऱ्याला काय द्यावे याविषयीची आपली नीती, या दोहोंत जर अंतर पडत असेल, तर आपल्यापाशी नीती नाही. फक्त हितसंबंध आहेत. हे वाक्य मी वर्गात अनेकदा निराळ्या शब्दांत शिकवले होते.

७

दुसऱ्या दिवशी ते कुटुंब मला तंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळच्या देवळात घेऊन गेले. हे देऊळ विश्वकर्मा समाजाचे, म्हणजे सोनार-लोहारादी कारागिरांचे. गलाईवाल्यांच्याच कसबाच्या जवळचे. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराज येथे दर्शनाला आले होते, अशी देवळाची परंपरा आहे. त्या वर्षी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे औषधे मागितल्याच्या नोंदी कंपनीच्या दप्तरात आहेत; देवळातील भेटीची गोष्ट मात्र श्रद्धेच्या आधाराने आली आहे. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती हेही या देवीच्या दर्शनाला येत. शिवाजी महाराज आपल्या सैन्याशी बोलत आहेत, अशी कल्पना करून त्यांनी एक कविताही लिहिली आहे.

मुलाला त्याच्या वडिलांनी सांगितले, ‘‘महाराज इथं आले होते.’’ त्यांच्या स्वरात अभिमान होता, आणि तो मला समजला. परक्या नगरात आपल्या आधी आपले कोणी येऊन गेले होते, हा दिलासा लहान नाही. परंतु देवळाची परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, जी आपण अनेकदा विसरतो. महाराज येथे वेश पालटून, कोणाला न कळता आले, असे ती म्हणते. ढोल नाही, निशाण नाही, रस्त्यावर हक्क सांगणे नाही. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तमिळ कारागिरांच्या एका देवळाने मराठी राजाची आठवण ज्या रूपात जपली, ते रूप मिरवणुकीचे नाही. मुलाला ‘हे आपले आहे’ असे सांगायचे, की ‘इथे आपण दर्शनाला आलो होतो’ असे सांगायचे, यावर त्याचे इथले राहणे बरेचसे अवलंबून राहील.

त्या संध्याकाळी बाई मुलाला घेऊन पाट्टीकडे गेल्या. त्याने हादग्याचे गाणे म्हटले. पाट्टीला त्यातले काही कळले नाही. तिने त्याला दुसरे म्हणायला सांगितले. सभागृहातील तालीम त्या दिवशी बुडाली, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी मराठी मंडळींत थोडी बोलणी झाली, असे मला नंतर कळले. पुढल्या वर्षी पाट्टीला हादग्याला न्यावे, असा बाईंचा विचार आहे. सभागृहातील इतरांना तो कितपत रुचेल, याची त्यांना शंका आहे.

मी परत आल्यावर समितीच्या बैठकीत छठचा विषय काढला. यंदा अर्ज आला तर तो मंजूर करावा, असे सुचवले. कोणी विशेष विरोध केला नाही. दिवाळी झाली, चौथा दिवस गेला, पाचवा गेला. अर्ज आला नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या वस्तीत गेलो. बहुतेक खोल्यांना कुलपे होती. एक म्हातारा बाहेर बसला होता. त्याने सांगितले, सारे नदीवर गेले आहेत, बरेच लांब. येथे मागायचे नाही असे ठरले आहे. मी त्याला विचारले, पुढच्या वर्षी मागाल काय? त्याने माझ्याकडे पाहिले आणि बसायला पाट पुढे केला.